डेटाबेस बूटला चालू करायचा, पण रूट म्हणून नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. लिनक्स सर्व्हरवर पोस्टग्रेस हा डेटाबेस सोर्स कोडमधून बांधून बसवला आहे. टर्मिनलवरून हाताने चालू केला की नीट चालतो. बूटच्या वेळी आपोआप उठावा म्हणून आरसी.लोकल या, रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून चालणाऱ्या बूट स्क्रिप्टमध्ये तीच कमांड टाकली, तर मात्र सर्व्हर उभाच राहत नाही. लॉगमध्ये 'रूटखाली सर्व्हर चालवण्यास परवानगी नाही' अशा अर्थाची ओळ येते. ही तपासणी बंद करता येईल का? नसेल, तर वेगळ्या युजरखाली बूटला कसा चालू करायचा आणि तो युजर कसा असावा?

तपासणी बंद करता येत नाही. ती कॉन्फिगरेशनमध्ये नाही, प्रोग्रामच्या सुरुवातीलाच लिहिलेली आहे. आपण कोणत्या युजरखाली चालतोय हे सर्व्हर आधी बघतो आणि रूट दिसला की तिथेच थांबतो. बायनरीला सेटयुआयडी बिट (प्रोग्राम त्याच्या फाइलमालकाच्या अधिकाराने चालवणारी खूण) लावून पळवाट काढावी म्हटलं, तर तीही बंद आहे. खरा युजर आयडी आणि प्रभावी युजर आयडी वेगळे दिसले तरी तो उठत नाही. इनिटडीबी (नवी डेटा डिरेक्टरी तयार करणारं) आणि पीजी_सीटीएल (सर्व्हर चालू-बंद करणारं) यांचंही तसंच. सोर्समधून ही तपासणी खोडून काढणारे लोक भेटतात. त्यांच्याशी वाद घालू नका, फक्त आपला डेटा त्यांच्या मशीनवर ठेवू नका.

बाकीच्याचं लहान उत्तर म्हणजे सिस्टिमडीची (बूटला सेवा चालू करणारी व्यवस्था) युनिट फाइल, म्हणजे सेवा कशी चालवायची ते सांगणारी फाइल, लिहा आणि तिच्यात 'युजर=पोस्टग्रेस' ही ओळ टाका. पण या एका ओळीने काम संपलं असं समजणाऱ्यांचेच सर्व्हर रात्रीच्या रीबूटनंतर पडलेले सापडतात. खरं काम हद्द आखण्याचं आहे. कोणत्या गोष्टी रूटच्या आणि कोणत्या डेटाबेसच्या युजरच्या, सुरुवातीला रूटने काय करून द्यायचं आणि त्यानंतर कुठे अजिबात हात घालायचा नाही, हे ठरलं की बाकीचं आपोआप जुळतं.

आधी एवढा आग्रह का, ते बघू. डेटाबेसला रूटची मुळात गरजच नसते. रूट लागतो तो परंपरेने १०२४ च्या खालचा पोर्ट उघडायला. पोस्टग्रेस ५४३२ वर बसतो, मायएसक्यूएल ३३०६ वर, रेडिस ६३७९ वर, मोंगोडीबी २७०१७ वर. फाइली त्याच्या स्वतःच्या, मेमरी त्याच्या स्वतःच्या वाट्याची. म्हणजे रूट देऊन मिळत काहीच नाही. जातं मात्र बरंच. पोस्टग्रेसमध्ये ९.३ आवृत्तीपासून कॉपी कमांडला 'प्रोग्राम' जोडता येतं आणि त्यातून डेटाबेसचा सुपरयुजर सर्व्हरवर थेट शेल कमांड चालवू शकतो. हा दोष नाही, मुद्दाम दिलेली सोय आहे. याचा अर्थ डेटाबेसमधला सुपरयुजर आणि ऑपरेटिंग सिस्टिमवरचा तो युजर ही व्यवहारात एकच व्यक्ती. ॲप्लिकेशन सुपरयुजर म्हणून जोडलेलं आहे (हे किती ठिकाणी असतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे) आणि त्यात कुठेतरी एसक्यूएल इंजेक्शनला (इनपुटमधून स्वतःची क्वेरी घुसवायला) जागा आहे, असं धरा. मग आत आलेल्या माणसाच्या हातात डेटाबेस जातो की अख्खं मशीन, हे फक्त प्रोसेस कोणाच्या नावावर चालतेय त्यावर ठरतं.

रेडिसचं प्रकरण याहून बोलकं आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये रेडिसचे निर्माते साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी स्वतःच लिहून दाखवलं की पासवर्डशिवाय नेटवर उघड्या असलेल्या रेडिसमधून सर्व्हरमध्ये कसं शिरता येतं. आपली एसएसएच की (दुरून लॉगइन करायची चावी) एक व्हॅल्यू म्हणून टाकायची, कॉन्फिग कमांडने डेटा साठवायची डिरेक्टरी बदलून युजरच्या एसएसएच फोल्डरवर न्यायची, फाइलचं नाव 'ऑथराइज्ड_कीज' करायचं आणि सेव्ह म्हणायचं. रेडिस ज्या युजरखाली चालतोय त्याचं दार उघडलं. पुढे हल्लेखोरांनी नेमके रूटखाली चालणारे रेडिस हेरून रूटचं एसएसएच फोल्डर आणि क्रॉनच्या (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सेवेच्या) फाइली लिहायला सुरुवात केली. नंतर ३.२ मध्ये, पासवर्ड नसताना बाहेरच्या जोडण्या नाकारणारा प्रोटेक्टेड मोड आला. पण रेडिस स्वतःच्या वेगळ्या, लॉगइन नसलेल्या युजरखाली चालत असता, तर रूटच्या फोल्डरला त्याला हातही लावता आला नसता.

मायएसक्यूएलची पद्धत थोडी वेगळी. तो रूट म्हणून सुरू होऊ शकतो, पण 'युजर' ऑप्शनमध्ये नाव दिलं की स्वतःच त्या युजरवर उतरतो. नाव नाही दिलं तर मॅन्युअलमधला सुरक्षिततेचा भाग वाचा असं सांगून थांबतो. मुद्दाम 'युजर=रूट' लिहिलंत तर मात्र चालतो. पोस्टग्रेसएवढा हट्टी नाही, म्हणून तिथे जबाबदारी तुमची.

आता युजर. 'नोबडी' वापरू नका. त्या नावाखाली आधीच दुसऱ्या काही सेवा चालत असतील, तर त्यातली एक फुटली की सगळ्यांच्या फाइली उघड्या. त्याच कारणाने ॲप्लिकेशन आणि डेटाबेस एकाच युजरखाली चालवू नका. छोट्या ऑफिसांत हे सर्रास दिसतं. पोस्टग्रेसमध्ये लोकल सॉकेटवर (त्याच मशीनवरच्या जोडणीच्या फाइलवर) पीअर पद्धतीची ओळख लावलेली असेल, तर ऑपरेटिंग सिस्टिमवरचा पोस्टग्रेस युजर पासवर्डशिवाय डेटाबेसचा सुपरयुजर होतो. ॲप त्याच नावाने चालत असेल तर त्याला वेगळा मर्यादित रोल देऊन काही साधत नाही.

युजर तयार करताना यूझरॲड या कमांडला 'सिस्टिम' ऑप्शन द्यायला विसरू नका. बरेच जण याला औपचारिकता समजतात, पण यामागे एक ठोस कारण आहे. सिस्टिमडीच्या लॉगइनडी या भागात 'रिमूव्हआयपीसी' नावाचं सेटिंग आहे. मूळ सिस्टिमडीत ते चालूच असतं, काही डिस्ट्रिब्यूशन ते बंद करून देतात. ते चालू असलं की साधा युजर पूर्ण लॉगआउट झाल्यावर त्याच्या नावावरची शेअर्ड मेमरी आणि सेमाफोर पुसले जातात. तुमचा पोस्टग्रेस युजर साध्या यूझरॲडने, म्हणजे १००० च्या वरच्या आकड्याने तयार झाला असेल, तर काय होतं बघा. सर्व्हर बूटला त्याच नावाखाली चालू आहे. दुपारी कोणीतरी पोस्टग्रेस म्हणून लॉगइन होऊन एक बॅकअप बघतो, बाहेर पडतो, आणि सिस्टिमडी त्या युजरचं सगळं आवरून टाकते. चालू सर्व्हरच्या समांतर क्वेरींची शेअर्ड मेमरी पायाखालून जाते. लॉगमध्ये एरर कधीही, कशाही येतात आणि कोणालाच संबंध लागत नाही, कारण 'मी तर काहीच केलं नाही, फक्त आत जाऊन बाहेर आलो.' सिस्टिम युजरला या साफसफाईतून सूट आहे. युजर आधीच साधा बनलेला असेल आणि बदलणं अवघड असेल, तर लॉगइनडीच्या कॉन्फिगमध्ये 'रिमूव्हआयपीसी=नो' करा.

आकड्याकडेही एकदा लक्ष द्या. रेड हॅटच्या कुळात पोस्टग्रेसला २६ आणि मायएसक्यूएलला २७ हे आयडी ठरलेले आहेत. डेबियनमध्ये १०० ते ९९९ मधला जो मोकळा असेल तो मिळतो. डॉकरच्या अधिकृत डेबियनवाल्या इमेजमध्ये पोस्टग्रेस ९९९ असतो, अल्पाइनवाल्यात ७०. फाइलवर मालकाचं नाव नसतं, आकडा असतो. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, एनएफएसवर (नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर) डेटा ठेवला, किंवा फाइली आकड्यांसकट कॉपी करून रेप्लिका उभी केली, की तोच आकडा तिथे भलत्याच युजरचा निघू शकतो. अनेक सर्व्हर असतील तर सगळीकडे एकच आकडा आधीच ठरवून घ्या.

शेल कोणतं द्यायचं यावर लोक फार भांडतात. माझ्या मते पासवर्ड लॉक असला की शेलला फार महत्त्व नाही. डेबियन तर पोस्टग्रेसला सरळ बॅश देतं. नोलॉगिन द्यायचं असेल तर खुशाल द्या, पण मग जुन्या स्क्रिप्टमधलं 'एसयू' (दुसरा युजर होऊन कमांड चालवणारं) चालणार नाही. खातं उपलब्ध नाही असं म्हणून ते परत येईल. तिथे रनयूझर त्याच्या यू ऑप्शनसह वापरा, किंवा एसयूला शेल वेगळं सांगा.

मालकी हा या सगळ्यातला मुख्य भाग. डेटाबेसचा युजर हा भाडेकरू आहे: सामान त्याचं, भिंती मालकाच्या. डेटा डिरेक्टरी पोस्टग्रेसची, परमिशन ०७००. आवृत्ती ११ पासून ग्रुपला वाचू द्यायचं असेल तर ०७५० चालतं, त्याहून सैल ठेवलंत तर सर्व्हर स्वतःच नकार देतो. डिरेक्टरीचा मालक दुसरा असेल तरी नकार. पण बायनरी आणि लायब्ररी, म्हणजे सोर्समधून बसवल्यावर यूएसआर/लोकल/पीजीएसक्यूएलमध्ये जे आलं ते, रूटचंच राहू द्या. सोयीसाठी त्या अख्ख्या झाडावर पोस्टग्रेसच्या नावाने चोन (फाइलींचा मालक बदलणारी कमांड) चालवणारे खूप आहेत. मग सर्व्हर फुटला की आत आलेला माणूस पोस्टग्रेसचा प्रोग्रामच बदलू शकतो आणि पुढच्या रीबूटला तुम्ही स्वतःच्या हाताने त्याचा प्रोग्राम चालू करता. युनिट फाइलही रूटचीच, हे सांगायची गरज नसावी.

टीएलएसची (जोडणी कूटबद्ध करणाऱ्या पद्धतीची) खासगी की हा अपवादाचा प्रकार. ती पोस्टग्रेसच्या मालकीची असेल तर ०६०० हवी. रूटच्या मालकीची ठेवायची असेल तर ०६४० करून ग्रुपमार्फत वाचू देता येते. सर्टिफिकेट आपोआप नूतनीकरण होणाऱ्या ठिकाणी ही दुसरी पद्धत बरी. फक्त नूतनीकरणानंतर परमिशन पुन्हा मूळ पदावर जात नाहीत ना ते तपासा, कारण हा दोष दिसतो तो थेट पुढच्या रीस्टार्टला.

डेटासाठी वेगळी डिस्क असेल तर माउंट पॉइंटलाच (डिस्क जिथे जोडली जाते त्या फोल्डरलाच) डेटा डिरेक्टरी करू नका. माउंट पॉइंट रूटचा ठेवा, त्याच्या आत पोस्टग्रेसच्या मालकीचं एक फोल्डर आणि त्याच्या आत डेटा. एका बूटला डिस्क माउंट झाली नाही, तर सर्व्हरला तिथे काहीच सापडत नाही आणि तो स्वच्छपणे पडतो. तुम्हाला हवंय ते हेच. बूट स्क्रिप्टमध्ये 'डेटा नसेल तर इनिटडीबी कर' अशी हुशारी घातलेली असेल, तर मात्र मूळ डिस्कवर रिकामा डेटाबेस तयार होतो, ॲप त्यात लिहायला लागतं, आणि मागून खरी डिस्क त्याच्यावर येऊन बसते. इनिटडीबी हे आयुष्यात एकदा, पोस्टग्रेस युजर होऊन, हाताने करायचं काम आहे. बूटच्या वाटेवर ते नकोच. तीच गोष्ट पोस्टमास्टर.पीआयडी या फाइलची. वीज गेल्यावर ती मागे राहते, म्हणून सुरुवातीला ती पुसून टाकणारी ओळ काही स्क्रिप्टमध्ये दिसते. काढून टाका. त्या फाइलमधला प्रोसेस क्रमांक जिवंत आहे का हे पोस्टग्रेस स्वतः तपासतो. ती पुसलीत तर एकाच डेटावर दोन सर्व्हर उभे राहण्याची शक्यता तुम्ही निर्माण करता, आणि त्यानंतर उरतो फक्त बॅकअप.

युनिट फाइलकडे येऊ. युनिट विभागात वर्णन, सर्व्हिस विभागात 'टाइप=नोटिफाय', 'युजर=पोस्टग्रेस', 'एक्झेकस्टार्ट'मध्ये पोस्टग्रेस बायनरीचा पूर्ण पाथ आणि डी ऑप्शनने डेटा डिरेक्टरी, रीलोडसाठी मुख्य प्रोसेसला हप सिग्नल, 'किलमोड=मिक्स्ड', 'किलसिग्नल=सिगइंट', 'टाइमआउटसेक=इन्फिनिटी', आणि इन्स्टॉल विभागात 'वॉन्टेडबाय=मल्टी-युजर.टार्गेट'. पीजी_सीटीएल मध्ये घालायची गरज नाही, बायनरी थेट चालवा. सिस्टिमडी रूट म्हणून सगळी तयारी करते आणि प्रोग्राम सुरू करण्याच्या क्षणी युजर बदलते. म्हणजे पोस्टग्रेस एक क्षणही रूट नसतो. एसयूची गरज नाही, पासवर्डचा संबंध नाही.

यातल्या तीन ओळींबद्दल थोडं सविस्तर. 'टाइप=नोटिफाय' लिहिलं की सर्व्हर तयार झाल्यावर स्वतः सिस्टिमडीला कळवतो. पण त्यासाठी पोस्टग्रेस बांधताना कॉन्फिगरला 'विथ-सिस्टिमडी' दिलेलं असायला हवं. सोर्समधून बसवणाऱ्यांची हीच जागा हुकते. ते दिलेलं नसेल तर डेटाबेस व्यवस्थित चालू असतो, लोक जोडले जात असतात, आणि सिस्टिमडीची सिस्टिमसीटीएल ही कमांड मात्र 'ॲक्टिव्हेटिंग' म्हणत बसते. तसं दिसलं तर पुन्हा बांधा, नाहीतर टाइप 'एक्झेक' करा. 'टाइमआउटसेक=इन्फिनिटी' ऐकायला बेजबाबदार वाटतं, पण सिस्टिमडीची नेहमीची मुदत ९० सेकंदांची असते. वीज जाऊन मशीन पडलं असेल तर मोठ्या डेटाबेसची रिकव्हरी त्याहून कितीतरी जास्त वेळ घेऊ शकते. मुदत संपली की सिस्टिमडी त्याला मारते, पुन्हा चालू केला तर रिकव्हरी बऱ्याच अंशी पुन्हा तीच, पुन्हा तीच मुदत. आणि 'सिगइंट' अशासाठी की नेहमीच्या टर्म सिग्नलला पोस्टग्रेस सगळे क्लायंट स्वतःहून जाईपर्यंत वाट बघतो. कनेक्शन पूल लावलेलं ॲप कधीच जात नाही, त्यामुळे शटडाउन अडकून राहतं. सिगइंटला तो चालू व्यवहार रद्द करून नीट बंद होतो.

मशीनवर मेमरी संपली की लिनक्स कोणाला तरी मारतो, आणि डेटाबेस आकाराने मोठा असल्याने त्याच्यावर पाळी येते. हे टाळायचा स्कोअर उणे करणं साध्या युजरला जमत नाही. पूर्वी यासाठी रूटची स्क्रिप्ट लागायची. युनिटमध्ये 'ओओएमस्कोअरॲडजस्ट' ला उणे ९०० सारखी किंमत दिली की ते काम युजर बदलण्याआधीच होतं. त्याबरोबर पोस्टग्रेसचे दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, एक स्कोअरच्या फाइलचा पाथ सांगणारं आणि दुसरं शून्य ही किंमत देणारं, लावून घ्या. मग संरक्षण फक्त मुख्य प्रोसेसला राहतं आणि बेलगाम क्वेरी चालवणारी एखादी चाइल्ड प्रोसेस मारता येते.

'हाताने चालतो, बूटला नाही' या तक्रारीची कारणं बहुतेक वेळा ठरलेली असतात. सर्वांत नेहमीचं म्हणजे रन डिरेक्टरी. ती मेमरीत असते आणि प्रत्येक बूटला कोरी होते. सॉकेटसाठी तिच्यात तुम्ही एकदा पोस्टग्रेसच्या मालकीचं फोल्डर केलंत, सगळं चाललं, रीबूटला फोल्डरच नाही, आणि रन रूटची असल्याने पोस्टग्रेसला ते करताही येत नाही. युनिटमध्ये 'रनटाइमडिरेक्टरी=पोस्टग्रेसएसक्यूएल' लिहा. सिस्टिमडी प्रत्येक वेळी योग्य मालकासह ते तयार करते. सोर्समधून बांधलेला पोस्टग्रेस सॉकेट टीएमपीमध्ये, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या डिरेक्टरीत, ठेवतो. मग कोणीतरी सुरक्षिततेच्या उत्साहात 'प्रायव्हेटटीएमपी=येस' लावतो, सर्व्हरला स्वतःची वेगळी टीएमपी मिळते आणि लोकल क्लायंटना सॉकेट दिसेनासा होतो. सर्व्हर चालू, टीसीपीवर जोडणी होते, फक्त पीएसक्यूएल हा क्लायंट म्हणतो सॉकेट नाही. हे दोन्ही प्रश्न 'रनटाइमडिरेक्टरी'ने तयार होणाऱ्या फोल्डरमध्ये सॉकेट हलवला की मिटतात.

दुसरं कारण मर्यादांचं. लिमिट्स.कॉन्फमध्ये पोस्टग्रेससाठी फाइलींची मर्यादा वाढवलेली असते, लॉगइन करून बघितलं तर ती लागू दिसते, पण बूटला आलेल्या सर्व्हरला मात्र जुनीच. ती फाइल लॉगइनच्या वाटेवर वाचली जाते, सिस्टिमडीच्या सर्व्हिसला ती लागत नाही. तिथे 'लिमिटनोफाइल' लिहावं लागतं. तसंच तुमच्या बॅश प्रोफाइलमधले पाथ आणि व्हेरिएबल बूटला नसतात, म्हणून युनिटमध्ये सगळे पाथ पूर्ण द्या.

तिसरं कारण क्रमाचं. डेटा वेगळ्या डिस्कवर असेल तर 'रिक्वायर्समाउंट्सफॉर' मध्ये तो पाथ द्या. आणि पोस्टग्रेस कोणत्या पत्त्यांवर ऐकतो ते ठरवणाऱ्या लिसन_ॲड्रेसेसमध्ये विशिष्ट आयपी लिहिलेला असेल तर 'नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट' हे 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स' दोन्हींत हवं. इथे एक फसवा प्रकार होतो. यादीत लोकलहोस्ट आणि लॅनचा आयपी असे दोन पत्ते असतील आणि बूटला लॅनचा पत्ता अजून मिळालेला नसेल, तर पोस्टग्रेस लॉगमध्ये फक्त एक वॉर्निंग लिहितो आणि लोकलहोस्टवर खुशाल चालू होतो. सिस्टिमसीटीएल हिरवं दाखवतं, सर्व्हरवर बसून तपासणाऱ्याला सगळं ठीक दिसतं, आणि बाहेरचं ॲप मात्र जोडलं जात नाही.

पॅकेजमधून बसवलेला असेल, रेड हॅटच्या कुळातलं मशीन असेल आणि डेटा नेहमीच्या जागेवरून हलवला असेल, तर एसईलिनक्सचं (कोणत्या प्रोग्रामने कोणत्या फाइलींना हात लावायचा ते ठरवणाऱ्या सुरक्षाव्यवस्थेचं) लेबल बघा. तुमचं टर्मिनल मोकळ्या डोमेनमध्ये असतं, बूटचा सर्व्हर बंदिस्त डोमेनमध्ये. म्हणून हाताने चालतं आणि बूटला चालत नाही. सेमॅनेजने नव्या जागेला पोस्टग्रेसच्या डेटाचं लेबल द्या आणि रिस्टोरकॉन चालवा. एसईलिनक्सच बंद करून टाकणं हा उपाय नव्हे. होम डिरेक्टरीत डेटा किंवा बायनरी ठेवण्याचा मोहही टाळा. 'प्रोटेक्टहोम' लावलेल्या युनिटला होम दिसतच नाही, आणि मारियाडीबीच्या युनिटमध्ये ते आधीपासून लावलेलं असतं.

सर्व्हिस पडली की स्टेटसमधला आकडा वाचा. २१७ आणि पुढे 'युजर' असेल तर तो युजरच अस्तित्वात नाही किंवा नाव चुकलंय. २०३ आणि 'एक्झेक' म्हणजे बायनरी सापडत नाही किंवा चालवायची परवानगी नाही. २०० आणि 'सीएचडिर' म्हणजे वर्किंग डिरेक्टरीत जाता आलं नाही. २२६ आणि 'नेमस्पेस' आलं तर रीडराइटपाथ्ससारख्या ओळीतला एखादा पाथ मशीनवर नाही. हे सगळे पोस्टग्रेस सुरू होण्याच्या आधीचे दोष आहेत, त्यामुळे पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये शोधत बसू नका, तिथे काही नसेल.

मोंगोडीबी किंवा तत्सम काही चालवत असाल, तर 'एकदा बघूया' म्हणून रूटने हाताने चालू करण्याची सवय मोडा. पोस्टग्रेस अडवतो, मोंगोडीबी अडवत नाही. तो चालतो, डेटा डिरेक्टरीत रूटच्या मालकीच्या फाइली आणि टीएमपीमध्ये रूटचा सॉकेट ठेवून जातो, आणि पुढच्या वेळी स्वतःच्या युजरखाली उठताना तो सॉकेट पुसता येत नाही म्हणून १४ क्रमांकाच्या कोडने पडतो. टीएमपीवर स्टिकी बिट असतो, दुसऱ्याची फाइल पुसता येत नाही.

आता हद्दीची उलटी बाजू, जिच्याकडे कमी लक्ष जातं. सर्व्हर साध्या युजरखाली चालतोय, पण त्याला सुरू करणारी स्क्रिप्ट रूट म्हणून चालते आणि त्या युजरला लिहिता येणाऱ्या फाइली वाचते. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये डाविड गोलुन्स्की यांनी मायएसक्यूएलमधला जो दोष उघड केला (सीव्हीई-२०१६-६६६२), त्याचं मर्म हेच होतं. मायएसक्यूएलडी_सेफ ही वेष्टन स्क्रिप्ट रूट म्हणून चालायची आणि कॉन्फिग फाइलमधून, आधी कोणती लायब्ररी लोड करायची ते घ्यायची. डेटाबेसमधून ती कॉन्फिग फाइल लिहिता आली की पुढच्या रीस्टार्टला हल्लेखोराचा कोड रूट म्हणून चालणार. सर्व्हर स्वतः मायएसक्यूएल युजरखालीच होता, तरीही. लगेच मागोमाग त्याच स्क्रिप्टच्या एरर लॉग हाताळण्यातही तसाच दोष निघाला: लॉगच्या जागी सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) ठेवला की रूट भलत्याच फाइलवर काम करायचा.

म्हणून तुमच्या युनिटमध्ये 'एक्झेकस्टार्टप्री' मधल्या (सर्व्हरच्या आधी चालणाऱ्या) कमांडच्या आधी अधिक चिन्ह लावून रूटने काही करत असाल, तर ते काम पोस्टग्रेसच्या मालकीच्या फोल्डरमध्ये जात नाही ना ते बघा. परमिशनचा वैताग घालवायला प्रत्येक बूटला डेटा डिरेक्टरीवर आतपर्यंत चोन चालवणं हे लोकप्रिय औषध आहे, आणि वाईट आहे. मोठ्या डेटावर वेळ खातं, खरा दोष झाकतं, आणि ज्या फोल्डरमध्ये दुसरा युजर लिहू शकतो तिथे रूटला डोळे झाकून फिरवतं. जुने लॉग बाजूला करणारं लॉगरोटेटही याच कारणाने कधी कधी अडून बसतं: मूळ डिरेक्टरीच्या परमिशन असुरक्षित आहेत, 'एसयू' निर्देश द्या, असं सांगतं. त्याचं ऐका, त्याच्या कॉन्फिगमध्ये 'एसयू पोस्टग्रेस पोस्टग्रेस' लिहा.

सिस्टिमडी नसलेलं जुनं मशीन असेल, तर आरसी.लोकल चालेल, फक्त त्यातली कमांड पोस्टग्रेस होऊन चालवा: एसयू, युजरचं नाव, सी ऑप्शन, आणि अवतरण चिन्हांत पीजी_सीटीएल स्टार्ट, डेटा डिरेक्टरी आणि एल ऑप्शनने लॉग फाइल. लॉगचं नाव अवतरणाच्या आत ठेवा. बाहेर 'मोठं आहे'च्या चिन्हाने वळवलंत तर ती फाइल रूट उघडतो. क्रॉनच्या 'ॲट-रीबूट' ने काम होतं, पण क्रम नाही, देखरेख नाही, नीट शटडाउन नाही. तात्पुरतं म्हणून ठीक.

डीबीए (डेटाबेस सांभाळणाऱ्या) मंडळींना रूट न देता रीस्टार्ट करू द्यायचं असेल, तर सुडोअर्समध्ये (सुडोने रूट म्हणून कोणी काय चालवायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) नेमकी कमांड पूर्ण पाथसह आणि सर्व्हिसच्या नावासह लिहा. तारका वापरू नका. 'स्टेटस' ला सुडो देऊच नका, ते साध्या युजरलाही बघता येतं. सिस्टिमडी २४७ च्या आधीच्या आवृत्त्यांत सुडोने स्टेटस बघताना उघडणाऱ्या पेजरमधून (पानापानाने मजकूर दाखवणाऱ्या प्रोग्राममधून) थेट रूटचं शेल मिळवता यायचं. जुनी मशीन अजून भरपूर चालू आहेत.

सगळं लावून झालं की डेमन-रीलोड, मग 'इनेबल' आणि 'स्टार्ट'. यातलं इनेबल विसरलं तर आज चालतं, बूटला येत नाही. पीएस कमांडच्या यादीत सगळ्या पोस्टग्रेस प्रोसेसपुढे पोस्टग्रेसच दिसतोय का ते बघा. मग खरोखर रीबूट करा, भर कामाच्या वेळात नव्हे, पण करा. स्टॉप-स्टार्टमध्ये रन डिरेक्टरी कोरी होत नाही, डिस्क उशिरा माउंट होत नाही, नेटवर्क मागून येत नाही. मशीन वर आलं की स्वतः सर्व्हरवर लॉगइन न करता आधी दुसऱ्या मशीनवरून ॲपच्या युजरने जोडून बघा, आणि नंतर सिस्टिमडीच्या जर्नल या लॉगमध्ये त्या बूटच्या वॉर्निंग चाळा.